हार्टस्टॉपर: काही घडतच नाही?

'हार्टस्टॉपर' या वेबकॉमिकमध्ये (इंटरनेटवरच्या चित्रकथेत) काही घडतच नाही, अशी एका वाचकाची तक्रार आहे; ती मला पटली नाही. निक आणि चार्ली या दोन शाळकरी मुलांची प्रेमाची जोडी लेखिका ॲलिस ओझमनच्या २०१४ च्या कादंबरीत आधीच जमलेली होती. ते एकत्र कसे आले, हे तिने २०१६ पासून या वेबकॉमिकमध्ये मागे जाऊन सांगितलं. म्हणजे 'जमणार का?' हा प्रश्नच नाही. रग्बी खेळणारा, सगळ्यांचा लाडका निक इंटरनेटवर 'मी गे आहे का?' असं शोधतो, तिथे मी थबकलोच. आधी घट्ट मैत्री, मग हा गोंधळ! संवाद मोजके, चौकटींतून पानं भिरभिरतात. चार्लीला आधी लपूनछपून भेटणारा बेन मात्र फारच एकसुरी वाटला बुवा. चौथ्या भागात चार्लीचा खाण्याशी निगडित आजार येतो. तिथवर वाचा, मग बोलू.