मदत हवी आहे: गौरीला दिरांकडे जायचं की नाही? उद्या सकाळी कळवायचंय

रानजाई (२३ ऑगस्ट २०२०, रात्री ११:४०)
पटकन सल्ला हवाय. परवा गौरी येणार. आम्ही ऐरोलीत, दिरांचं घर नौपाड्यात. काल गणपतीला गेलो नाही, व्हिडिओ कॉलवरच आरती केली. पण सासूबाई म्हणतात गौरीला जायलाच हवं. नवरा म्हणतो, दोन तासांत जाऊन येऊ. मला कोरोनाची भीती वाटते. सकाळपासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. उद्या जाऊबाईंना कळवायचंय, किती जणांचं पुरण घालायचं ते त्यांना ठरवायचंय. कृपया नुसतं ‘काळजी घ्या’ लिहू नका, ती पाच महिने घेतोच आहोत.

पारसिक
सासूबाईंचं वय काय? शुगर, बीपी? तिकडे माणसं किती, आणि रोज घराबाहेर कोण पडतं? जाणार कशाने? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कोपरीकर
बिनधास्त जा. काल आमच्याकडे नऊ माणसं होती. दारातच सॅनिटायझर, सगळ्यांना मास्क. मी मे महिन्यापासून घरात सगळ्यांना आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथीच्या गोळ्या देतोय, शिवाय सकाळी सुंठ-दालचिनी-मिरीचा काढा. कुणाला साधी शिंकसुद्धा नाही. किती दिवस माणसांना तोडायचं?

सांजवात
कोपरीकर, काल माणसं आली आणि आज कुणी शिंकत नाही, यावरून काय कळणार? लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागतात, कधी चौदासुद्धा. जुलैचा लॉकडाऊन सैल झाल्यावर आमच्याकडे घरातल्या घरात साखरपुडा केला. अकरा माणसं, सगळ्यांना मास्क. पण जेवायला बसल्यावर मास्क खिशात गेले. नवव्या दिवसापर्यंत सहा जण पॉझिटिव्ह. माझे सासरे सतरा दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आले, पण अजून एक जिना चढून बसतात.

कोपरीकर
वाईट झालं. पण म्हणून सगळ्यांनी दारं लावून बसायचं का? आमच्या वडिलांची तब्येत एकटेपणानेच खालावली, ते कुणी मोजत नाही.

चिवताई
जरा वेगळं विचारते. आम्हाला उद्या चिपळूणला निघायचंय. एसटीने गेलं तर जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास लागतो का? कुणी नुकतंच गेलंय का?

पारसिक
एसटीला ई-पास नको. गावात क्वारंटाइनचं काय ते ग्रामपंचायतीला फोन करून विचारा. बाकी वेगळा धागा काढा हो, इथे त्यांना उद्या सकाळी उत्तर द्यायचंय.

रानजाई
सासूबाई ७१. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दिरांकडे पाच जण. पुतण्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, रोज लोकलने जातो. आमची गाडी आहे. आदल्या दिवशी सगळ्यांनी अँटिजेन टेस्ट केली तर चालेल का? आणि हो, गौरीचे मुखवटे आमच्याकडे असतात, त्यामुळे कुणीतरी जायलाच हवं.

सांजवात
अहो, मुखवटे तुमच्याकडे आहेत हे आधी सांगायचं ना! सासूबाईंचा जीव त्यातच अडकलाय.

पारसिक
टेस्टवर विसंबू नका. अँटिजेनमधून लागण सुटू शकते. म्हणून तर लक्षणं असताना ती निगेटिव्ह आली तरी आरटीपीसीआर ही लॅबमधली टेस्ट करा, असं आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सांगितलंय. पुतण्या रोज लॅब आणि लोकल करतो, त्याची आजची निगेटिव्ह परवापर्यंत टिकेलच असं नाही.
माझ्या मते खरी भीती दारातून आत जाण्याची नाही, आत काय करता त्याची आहे. बंद खोलीत दहा जण गळा काढून आरती म्हणणार, मग मांडीला मांडी लावून जेवणार, गप्पा होणार. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून हेच सांगितलं की हा आजार हवेतूनही पसरतो. नुसतं हात धुऊन भागत नाही.

तेरडा
आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, हळदकुंकू वाहायचं, झालं. या वर्षी जाऊबाईंनी तसं करावं, मुखवट्यांवाचून अडत नाही.

निरांजन
तेरडा, ज्यांच्याकडे मुखवटे उभे करतात त्यांना खडे पूजा म्हणणं बरं नाही. त्या घरात तिचा चेहरा ठरलेला असतो. रानजाई, मुखवटे पोहोचवा, पण वर जाऊ नका. सॅनिटायझर मात्र त्यांना लावू नका, शाडूचे असतील तर रंग जाईल. आमच्या गौरीच्या भुवया अशाच गेल्या, मे महिन्यात.

रानजाई
शाडूचेच आहेत. मग निर्जंतुक कसे करायचे?

पारसिक
डबा गेल्या वर्षीपासून उघडलाय का?

रानजाई
नाही. पत्र्याचा डबा, आत सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेत. गेल्या विसर्जनानंतर माळ्यावर ठेवला, तो आज खाली काढला.

पारसिक
मग आत विषाणू येणार कुठून? स्टीलवर, प्लास्टिकवरसुद्धा तो फार तर काही दिवस टिकतो. डबा बाहेरून साबणाच्या फडक्याने पुसा आणि तसाच द्या. सासूबाईंना गाडीतून न्या, काचा खाली ठेवा.

कोपरीकर
हे पटतंय. सासूबाईंना घरी ठेवून नवऱ्याने एकट्याने नेऊन देऊ नका एवढंच. त्यांच्या हातून जाऊ दे.

रानजाई (२५ ऑगस्ट, रात्री)
आत्ता आलो. आवाहन झालं. जाऊबाईंनी खाली पार्किंगमध्ये, मोकळ्यावर टेबल मांडून ठेवलं होतं. सासूबाई मास्क लावून गाडीतून उतरल्या, डबा टेबलावर ठेवला आणि मागे सरकल्या. मग जाऊबाई पुढे आल्या. त्यांनी डबा उघडून नऊवारीची एक घडी बाजूला केली, थोरलीचं कपाळ दिसलं, आणि सासूबाईंनी तिथूनच हात जोडले. तांदळाची पावलं जाऊबाईंनी लिफ्टपासून काढली होती. वर गेल्यावर त्यांनी फोन लावला, तो आम्ही गाडीत बसून बघितला. पुतण्या खाली आलाच नाही, खिडकीतून हात हलवला त्याने. उद्याची पुरणपोळी दीर गेटवर आणून देणार आहेत.
सासूबाई येताना काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र स्वतःहून म्हणाल्या, ‘परवा विसर्जन झालं की मुखवटे तिकडेच राहू देत, दिवाळीनंतर आणू.’

सांजवात
बरं झालं. चौदा दिवस त्यांच्या ऑक्सिमीटरवर लक्ष ठेवा, आकडा ९५ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन करा, वाट बघू नका.

चिवताई
आम्ही चिपळूणला पोहोचलो. ई-पास विचारला नाही. धन्यवाद.