अझ्यूममध्ये ईएस दिलं, तरी रेप मूव्हएसबी कॉपी करत नाही

इंदूरी_पोरगा: मंडळी, इंदूरला कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी डॉसबॉक्सवर (डॉस चालवणारं एम्युलेटर) टॅझम (टर्बो असेंबलर) वापरतोय, ८०८६ असेंब्लीत ईएक्सई बनवतो. डेटा सेगमेंट फाइलीत सगळ्यात आधी आहे. त्यात ७ बाइटांची स्ट्रिंग (शेवटाची खूण $ धरून) आणि लगेच ६ स्पेस व $. अझ्यूममध्ये (कोणतं सेगमेंट रजिस्टर कोणत्या सेगमेंटसाठी, ते सांगणारी ओळ) डीएस:डेटा, ईएस:डेटा दिलंय. डीएस एएक्समधून भरलं. एसआय (कुठून) ०, डीआय (कुठे) ७, सीएक्स (किती बाइट) ७, सीएलडी (दिशा पुढे), रेप मूव्हएसबी (एकेक बाइट कॉपी). एरर नाही. पण दुसरी स्ट्रिंग कोरीच छापते, आणि ४सीएचने (डॉसचं प्रोग्राम संपवायचं फंक्शन) बाहेर पडताना सगळं गोठतं.

जुना_८०८६: अझ्यूम फक्त असेंबलरला सांगतं, त्यातून एकही बाइट निघत नाही. ईएस तू भरलंच नाहीस. ईएक्सई सुरू होताना डॉस डीएस आणि ईएस दोन्ही पीएसपीवर (प्रोग्रामच्या आधी डॉस ठेवतो तो माहितीचा तुकडा) ठेवतो. मूव्हएसबी टाकतं ईएस:डीआयवर, म्हणजे तुझे बाइट पीएसपीच्या ०७एच ते ०डीएचमध्ये (एच म्हणजे हेक्स) गेले. त्यातल्या ०एएच ते ०डीएचमध्ये डॉसकडे परतायचा पत्ता असतो. तोच पुसलास, मग गोठणार नाही तर काय?

डीएस भरल्यावर लगेच मूव्ह ईएस, एएक्स लिही. मूव्ह ईएस, डीएस किंवा मूव्ह ईएस, डेटा असं थेट चालत नाही. एएक्स अडकलेलं असेल तर पुश डीएस, पॉप ईएस.

टीडी_वाला: खात्री करायची तर टर्बो डीबगरमध्ये कॉपीच्या आधी थांब. डीएस ईएसपेक्षा बरोबर १०एचने मोठं दिसेल. पीएसपी २५६ बाइटांचं, सेगमेंट १६-१६ने सरकतो. म्हणून डीएस:०००० आणि ईएस:०१०० ही एकच जागा. इंदूरच्या राजवाड्याकडून मोजा की सराफ्याकडून, दुकान तेच.

नवशिका: ईएस न भरता डीएस: ओव्हरराइड (कोणता सेगमेंट घ्यायचा ते सूचनेआधी सांगणं) लावला तर?

जुना_८०८६: तो फक्त एसआयच्या बाजूला लागतो. डीआयचं ईएस बदलत नाही. शिवाय खऱ्या ८०८६वर रेपसोबत ओव्हरराइड असताना मधे इंटरप्ट आला, तर परतल्यावर रेप आणि ओव्हरराइड या दोनांपैकी एकच प्रीफिक्स (सूचनेआधीचा बाइट) शिल्लक राहतो आणि कॉपी अर्धवट सुटते.

इंदूरी_पोरगा: चाललं! पण नंतर स्क्रीनवर थेट लिहायला ईएसमध्ये ०बी८००एच (टेक्स्ट स्क्रीनच्या मेमरीचा सेगमेंट) भरलं. आता पुन्हा कॉपी केली की वरच्या ओळीत रंगीत कचरा येतो.

जुना_८०८६: ईएस परत डेटावर आणलं नाहीस. टेक्स्ट मोडमध्ये सम बाइट अक्षर, विषम बाइट रंग. डीआय ७, म्हणजे पहिलं अक्षर चौथ्या घराचा रंग झालं. स्क्रीनच्या कामाआधी पुश ईएस, नंतर पॉप ईएस. आणि सुरुवातीचं ० काढू नकोस, नाहीतर असेंबलर बी८००एच हे नाव समजून अनडिफाइन्ड सिम्बॉल दाखवेल.