मॅनोमेट्रीत अन्ननलिकेची हालचाल कमकुवत आलीय, ॲसिडिटीशी याचा काय संबंध?

निशाचर_४३:
नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे, छातीत जळजळ आणि रात्री आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) चालू आहे, त्याने दिवसाची जळजळ बरीच कमी झाली पण रात्रीचं वर येणं काही थांबत नाही. एन्डोस्कोपीत छोटा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीकडे सरकलेला) निघाला, बाकी ठीक. सर्जन म्हणाले ऑपरेशन करता येईल पण आधी मॅनोमेट्री करा, ती केली (नाकातून नळी घालून घोट घोट पाणी गिळायला लावतात, नुसता वैताग) आणि रिपोर्टात आलंय इनइफेक्टिव्ह इसोफेजियल मोटिलिटी, १० पैकी ८ घोट कमकुवत. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर डोक्याला भुंगा. ॲसिड बनतं पोटात, मग अन्ननलिकेचे स्नायू मध्येच कुठून आले? ॲसिडमुळे स्नायू बिघडले की स्नायूंमुळे ॲसिड वर येतंय?

पेठेतला_पंत:
रात्री ७ ला जेवून घ्या आणि झोपताना थंड दूध. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच औषध, नळ्याबिळ्या कशाला घालून घेता!

घोट_घोट:
मी गॅस्ट्रो डिपार्टमेंटमध्ये मॅनोमेट्रीच करते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. पंत, लवकर जेवायचं एकदम बरोबर, पण दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि झोपायच्या तोंडावर पोट भरतं ते वेगळंच.

रिफ्लक्सवाल्या (म्हणजे जठरातलं ॲसिड अन्ननलिकेत वर येणाऱ्या) बऱ्याच पेशंटचं ॲसिड नॉर्मलच बनत असतं, फक्त नको तिथे पोचतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, ते गिळताना उघडतं आणि एरवी आवळलेलं असतं. पण न गिळताही ते अधूनमधून १०-२० सेकंद सैल पडतं, ढेकर येते ती त्यामुळेच, आणि पोट तट्ट भरलं की हे जास्त वेळा होतं. त्या वेळात ॲसिड वर येतं, अगदी धडधाकट माणसालाही. हर्नियात हे कडं आणि श्वासपटलाचा आधार एकमेकांपासून सरकतात म्हणून तुमच्याकडे दार आणखी ढिलं.

आता स्नायू. ॲसिड वर आलं की अन्ननलिका ताणली जाते आणि आपण न गिळताच वरून खाली एक लाट सुटते, ती बहुतेक माल परत जठरात ढकलते, उरलेलं ॲसिड आपण गिळलेली लाळ मारते कारण लाळेत बायकार्बोनेट असतं. लाट दुबळी असेल तर ॲसिड तिथेच रेंगाळतं. त्यात झोपेत आपण फारसं गिळत नाही, लाळही कमी सुटते, आडवं असल्याने आपोआप खाली उतरायचाही प्रश्न नाही, म्हणजे सगळी भिस्त त्या लाटेवर. तुमचं दुखणं रात्रीचंच का, ते बहुधा यातच आहे. गोळी ॲसिड कमी करते, वर येणं थांबवत नाही आणि लाटेचा जोरही वाढवत नाही.

आधी कोण, तर दोन्ही बाजूंनी होतं. ॲसिडमुळे अन्ननलिकेला सूज आली की लाट मंदावते आणि लाट मंद असली की सूज वाढते, पण सूज बरी झाली तरी लाट पूर्ववत होतेच असं नाही. आणि घाबरू नका, ७० टक्क्यांपेक्षा जास्त घोट कमकुवत आले की हे लेबल लागतं, काहीच त्रास नसलेल्या लोकांतही अशा लाटा दिसतात.

निशाचर_४३:
म्हणजे फ्लशचा जोर कमी, असं म्हणा ना! मग डॉम्पेरिडोनवाली कॅप्सूल देतात ती कशासाठी? आणि मी बीपीला ॲम्लोडिपिन घेतो, त्याने काही होतं का?

घोट_घोट:
डॉम्पेरिडोन मुख्यतः जठर रिकामं करायला मदत करतं, अन्ननलिकेच्या लाटेवर फारसं नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये. ॲम्लोडिपिनच्या जातीची औषधं ते कडं सैल करू शकतात, पण मनाने बंद करू नका हं, बीपीच्या डॉक्टरांना विचारून बघा.

टाकेवाला:
माझाही रिपोर्ट असाच होता. ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, पूर्ण ३६० अंश म्हणजे निसेन. माझ्या सर्जनने २७० अंशांची टूपे केली, म्हणाले लाट कमकुवत असताना पूर्ण आवळलं तर घास अडकायचा. सुरुवातीला पेज आणि मऊ खिचडीवर काढले, पोळी घशाखाली उतरायला बराच वेळ गेला, ढेकर अजून नीट येत नाही पण झोप लागते. ऑपरेशनआधी मात्र पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उचलली होती आणि डाव्या कुशीवर झोपायचो, त्यानेही बराच फरक पडला होता. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडतं.

निशाचर_४३:
विटांचं आजच बघतो. बाय द वे, मला कधीकधी भात अडकल्यासारखा वाटतो, पाणी प्यायलं की उतरतो.

घोट_घोट:
हे डॉक्टरांना नक्की सांगा. पाणीसुद्धा अडकतं का? वजन उतरलंय? रिपोर्टात आयआरपी (गिळताना ते कडं सैल पडल्यावर तिथे उरणारा दाब) किती लिहिलाय बघा.

निशाचर_४३:
पाणी नाही अडकत, वजन उलट वाढलंय. आयआरपी ९.

घोट_घोट:
बऱ्याच मशीनवर १५ पर्यंत नॉर्मल धरतात, म्हणजे गिळताना कडं नीट उघडतंय. ते उघडतच नसेल तर तो अकॅलेशिया, त्यातही छातीत जळजळतं आणि वर्षानुवर्षं पित्त म्हणून गोळ्या चालतात, अशा पेशंटला निसेन केलं की पंचाईत. म्हणूनच सर्जनने तुम्हाला आधी नळी घालायला लावली. २४ तासांची पीएच टेस्ट (अन्ननलिकेत ॲसिड किती वेळ असतं ते मोजणारी) झालीय का? नसेल तर आग्रह धरा, अन्ननलिकेत ॲसिड असण्याचा वेळ एकूण वेळेच्या ६ टक्क्यांच्या वर आला तर रिफ्लक्स पक्का, ४ च्या आत आला तर ऑपरेशनची घाई कशाला.