पाचपरतावनाला फोटो काढले तर चालतील का? (सातारा, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळले, पण ते बहुतेक लग्नाचा फोटोग्राफर कसा शोधावा यावर आहेत. माझा घोळ वेगळा आहे.

माझं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. माहेर साताऱ्यात, सासर कराडजवळ, नोकऱ्या दोघांच्या पुण्यात. मुहूर्त दुपारी १२.३५ चा. म्हणजे सकाळी हळद, मग अक्षता, मग पंगत, आणि त्यानंतर स्टेजवर उभं राहून आहेर घेत चार वाजेपर्यंत हसायचं. माझ्या ताईच्या अल्बममध्ये साडेचारशे फोटो आहेत. त्यात ती आणि दाजी असे दोघंच किती? सहा. त्यातल्याही दोनांत मागे कुणीतरी आइस्क्रीम खातंय.

म्हणून दोघांचे फोटो वेगळ्या दिवशी, निवांत काढायचे हे आमचं नक्की आहे. प्रश्न आहे तो आधी की नंतर.

फोटोग्राफर म्हणतो प्री-वेडिंगच करा, पॅकेजमध्ये पंचवीस हजारांत बसवतो, सप्टेंबरात कासला फुलं असतात. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "गणपती उठले की पितरं बसतात, त्या पंधरवड्यात नवे कपडे घालून फोटो काढणार होय गं?" आणि फुलं नेमकी तेव्हाच भरात. सासूबाई थेट नाही म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्याकडे अलीकडे एका लग्नात हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीचा पावसात भिजतानाचा व्हिडिओ लागला होता आणि पहिल्या रांगेतली सगळी म्हातारी माणसं खाली मान घालून बसली होती, हे त्यांनी मला दोनदा सांगितलंय. समजायचं ते मी समजले.

लग्नानंतर काढायचे तर कधी? दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, मग जागरण-गोंधळ, मग जेजुरी, मग पाचव्या दिवशी पाचपरतावनाला माहेरी. त्यानंतर थेट पुणे, कारण रजा संपते. मेंदी तोवर टिकते का? परत मेकअपवालीला बोलावायचं का? आणि जागा कुठली? माझ्या डोक्यात माहुलीचा घाट होता.

बजेट फार नाही. रील वगैरे नको. दहा चांगले फोटो मिळाले तरी बास.

घाटावरचा

ताई, माहुलीचं तेवढं डोक्यातून काढा. संगम सुंदर आहे, कृष्णा-वेण्णेवर सकाळी धुकं असतं, विश्वेश्वराचं देऊळ १७३५ च्या सुमाराचं, सगळं खरं. पण सकाळी तिथे दहावं-तेरावं चालू असतं. एका बाजूला लोक कावळ्याची वाट बघत बसलेत आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही शालू नेसून पायरीवर. कुणी काही बोलणार नाही, पण तुमचं तुम्हालाच बरं वाटणार नाही. मागच्या वर्षी असंच एक जोडपं आलं होतं, पंधरा मिनिटांत गाडीत बसून परत गेलं.

जुना कॅमेरा

मी याच धंद्यात आहे, म्हणून आमच्याच लोकांची एक गोष्ट फोडतो. सप्टेंबरात लग्नं नसतात, आम्ही रिकामे असतो. डिसेंबरात एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पळत असतो. त्यामुळे "प्री-वेडिंगच करा" यात निम्मी आमची सोय असते. प्री-वेडिंगचा खरा फायदा एकच: माणसं कॅमेऱ्याला सरावतात, लग्नाच्या दिवशी मान आखडून उभी राहत नाहीत. तेवढ्यासाठी पंचवीस हजार नकोत. भेटायला याल तेव्हा अर्धा तास माझ्यासमोर चहा पीत बसा, तेवढ्यानेही भागतं.

कासबद्दल: पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हंगामात बुकिंग करून जावं लागतं, फुलांत बसलात की उठवतात, आणि वर पाऊस कधी येईल सांगता येत नाही. डिसेंबरात गेलात तर फुलं नाहीत, वाळलेलं गवत. मला स्वतःला ते पिवळं गवत आवडतं, पण गिऱ्हाईकाला जाहिरातीतलं कास हवं असतं. ठोसेघरच्या धबधब्याची धारही तोवर बारीक होते.

डिसेंबरसाठी माझं मत लिंबच्या बारामोटेच्या विहिरीला. पुण्याकडे जाताना महामार्ग सोडून आत. वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतलेली. खोली सुमारे ११० फूट, आत छोटा महाल आहे. फोटोच्या दृष्टीने तिची गंमत अशी की डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ऊन वरच्या भिंतीवरच राहतं आणि खाली पायऱ्यांवर त्या दगडावरून उसळलेला मऊ उजेड येतो. बाहेर उघड्यावर ११ ते ३ फोटो काढू नयेत म्हणतात, कारण डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. इथे मात्र अकरा वाजताही काम होतं. दागिन्यांवर डागासारखी चमक येत नाही, पैठणीचा रंग खरा दिसतो.

दोन गोष्टी सांभाळा. पायऱ्या अरुंद आहेत, काठावर पाठ करून उभं राहायचं नाही, फोटोग्राफर कितीही म्हणाला "अजून एक पाऊल मागे" तरी. आणि रविवार टाळा, कॉलेजची मुलं सेल्फीला येतात.

उघड्यावरच काढायचे असतील तर त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो. सव्वासात ते नऊ, नाहीतर साडेचार ते सहा. वाईजवळ मेणवलीचा घाट आहे, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, पण तिथे सिनेमावाल्यांची वर्दळ असते. वाड्यात जायचं तर आधी विचारून घ्या.

एक सूनबाई

आम्ही लग्नानंतर बाराव्या दिवशी काढले, अनुभवाचे बोल ऐक. मेंदी पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात गडद असते. माझी बाराव्या दिवशी बोटांच्या टोकांवर तेवढी उरली होती, तळहात चट्टे पडल्यासारखा दिसत होता. शेवटी सगळ्या फोटोंत मुठी मिटलेल्या. पाचव्या दिवशी रंग असतो, काळजी नको, फक्त गोंधळाच्या स्वयंपाकात भांडी घासायला बसू नकोस. (बसवतीलच म्हणा.) नखांवरची हळद आठवडाभर जात नाही, ती राहू दे, छान दिसते.

मेकअपवालीला फक्त केस आणि नऊवारी नेसवण्यापुरतं बोलाव. बाकी काजळ, टिकली तुझी तू. लग्नातला जाड मेकअप दिवसाच्या उजेडात पिठासारखा दिसतो.

आणि ब्लाऊजला आतून शिलाई ठेवायला सांग टेलरला! केळवणं खाऊन खाऊन माझं हुकच लागेना.

सरळ सांगतो

आमच्या वेळी एक ग्रुप फोटो असायचा, संसार झाले. पैसे जास्त झालेत.

एक सूनबाई

काका, त्या ग्रुप फोटोत काकू कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवा बरं.

लोणंदकर

जेजुरीला जाणारच आहात तर एक फोटोग्राफर तिथेच न्या ना. साताऱ्याहून लोणंद-नीरा मार्गे सरळ रस्ता आहे. पहिल्या पाच पायऱ्या नवरा नवरीला उचलून चढतो, तेव्हाचं हसू कुठल्याही पोजमध्ये येत नाही. फक्त भंडारा लेन्समध्ये जातो, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायला सांगा. आमच्याकडे ती बांधली नव्हती, फोटोवाल्याचं झूमचं रिंग करकर वाजायला लागलं आणि दिवसभर त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

कलम

जागा-बिगा ठरेल, आधी कागद करा. आमचे फोटो एका स्टुडिओने न विचारता स्वतःच्या जाहिरातीला लावले, बायकोच्या ऑफिसात ते आमच्याआधी पोचले. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. मेख त्या शेवटच्या शब्दांत आहे. पावतीच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, किती फोटो रंग दुरुस्त करून मिळणार, किती दिवसांत, मूळ फाइल मिळणार की नाही, हे सगळं पावतीवरच लिहून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटावरचा, तुमचं बरोबर आहे. आजोबांचं दहावं तिथेच झालं होतं, तरी माझ्या डोक्यात नुसतं धुकंच राहिलं.

काल आजीला विचारलं, तुझा आणि आजोबांचा दोघांचाच फोटो आहे का. तिने कपाटातून पितळी डब्यात ठेवलेला एक काढला. लग्नानंतर तीन महिन्यांनी, आजोबांना पगार झाल्यावर, साताऱ्यातल्या एका स्टुडिओत जाऊन काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. फोटो काळा-पांढरा, पण साडीचा काठ आणि ओठ फोटोवाल्याने ब्रशने लाल रंगवलेत. ओठांचा रंग जरा बाहेर गेलाय. आजी म्हणते, हात खुर्चीवर ठेव म्हणून फोटोवाल्याने तीनदा सांगितलं, कारण तिला वाटत होतं सासऱ्यांना कळलं तर काय म्हणतील. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. म्हणजे लग्नानंतर वेगळा फोटो काढायचा ही पद्धत आमच्या घरात तरी जुनीच आहे, मी उगाच तिला नव्या फॅशनचं समजावत बसले होते.

तर ठरलं असं. पाचपरतावनाला हे मला घेऊन येणारच आहेत, रीतच आहे. त्या दिवशी मंगळवार आहे. सकाळी दहाला लिंबला, दीड तास. चुडा हातात, मंगळसूत्र गळ्यात, सासूबाईंचाही प्रश्न मिटला. त्या उलट म्हणाल्या, "मग मी पण येते, नथ नीट बसलीय का बघायला कुणीतरी पाहिजे." फोटोग्राफर आधी कुरकुरला, पण मंगळवारी त्याला लग्न नाही. फक्त फोटोंचे नऊ हजार ठरले, पंचवीस फोटो, वीस दिवसांत, न विचारता कुठे टाकणार नाही हे पावतीवर लिहून घेतलंय. जेजुरीला माझा चुलतभाऊ त्याचा कॅमेरा आणतोय, पिशवीसकट.

आता एकच अडचण. आजीच्या फोटोसारखा एक फोटो घरच्या अंगणात काढायचाय. यात खुर्चीत मी बसणार आणि हे उभे राहणार. तशी जुनी, उंच पाठीची वेताची खुर्ची साताऱ्यात कुणाकडे आहे का? एका दुपारपुरती. आणून-पोचवून देईन.

सरळ सांगतो

आमच्याकडे आहे. वेत चांगला आहे, पण एक हात मोडलाय.

धागाकर्ती

काका, डावा की उजवा?