मदत हवी आहे : भाच्याच्या रॅपचं काय करू?

मंडळी, मी गुहागरकडचा. भाचा अकरावीत, रॅप लिहितो. यंदा गणपतीत वाडीत म्हणणार आहे. वही चाळली तर कडव्याकडव्यात कोणाला तरी फोडतोय, आणि पोरींबद्दल जे लिहिलंय ते इथे टाकण्यासारखं नाही. घरात मात्र हाच पोरगा आईला कोलंबी सोलून देतो!

म्हणतो, "मामा, हिपहॉपमध्ये असंच असतं. तुमच्या शक्ती-तुऱ्यात काय वेगळं?" झाली माझी बोलती बंद. शक्ती-तुरा म्हणजे आमच्या कोकणातला शाहिरांचा सवाल-जवाब; त्याच्या बारीत, म्हणजे सामन्यात, शाहीर एकमेकांची लाज काढतात, दुहेरी अर्थाचं गातात, तेव्हा पुढे बसून शिट्ट्या मीच मारल्यात.

तरी "असंच असतं" पटत नाही. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्कने ज्या पार्टीत रेकॉर्ड फिरवल्या आणि जिथून हिपहॉप सुरू झालं असं मानतात, ती त्याच्या बहिणीने ठेवली होती. १९९३ मध्ये क्वीन लतीफाने बायकांना शिव्या देणाऱ्यांना रॅपमधूनच सुनावलं, त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. आणि मर्दानगीच्या त्या ऐटीचं म्हणाल, तर टुपाक आणि बिगी हे दोन मोठे रॅपर; टुपाक पंचविशीत गोळ्या लागून गेला, बिगी चोविशीत.

हे सांगायला गेलो की तो कानात हेडफोन घालतो. तुमच्यात कोणी मराठीत रॅप लिहिणारं आहे का? धार न घालवता ती कडवी कशी बदलायची, हे त्याला मामापेक्षा तुमच्याकडून पटेल. गणपतीच्या आत सांगा.