पीजेच्या लाइनीवर वाट करायची का?

पाचोरेकर: पीजे, म्हणजे आपली पाचोरा–जामनेर रेल्वेगाडी, २०२०च्या लॉकडाउनला थांबली ती परत सुटलीच नाही. ५६ किलोमीटर, अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर. ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर आहे, पण तोवर वेडी बाभूळ माजतेय, उकिरडे पुढे सरकताहेत. माझं म्हणणं, रेल्वेची रीतसर परवानगी काढून शेंदुर्णीकडचे दोन-चार किलोमीटर गावातल्या पोरांनीच साफ करून पायी-सायकलची वाट करावी. भराव आयता आहे, चढ नावाला. पहाटे फिरणारे, शाळेच्या सायकली, सगळ्यांची सोय. इंग्लंडात ब्रिस्टल–बाथची बंद लाइन स्वयंसेवकांनी पुढाकार घेऊन, १९७९ ते १९८६ खपून सायकलवाट केली, २१ किलोमीटर.

जामनेरचा: काय भो, गाडी मागायची सोडून पायवाट मागता? माझी आई शेंदुर्णीला पीजेनंच जायची. एसटीचं भाडं परवडायचं कुणाला? उद्या साहेब म्हणतील, लोकांना वाट आवडली, आता गाडी कशाला.

पाचोरेकर: त्यावर तोड आहे. अमेरिकेत १९८३ला कायदाच बदलला. बंद लाइनीवर वाट करा, पण जागा रेल्वेसाठी राखीव. गाडी यायची ठरली की वाट उठते. उलट त्यामुळे अतिक्रमण होत नाही.

जामनेरचा: आणि उठल्या किती? अगदी मोजक्या. एकदा बाक टाकले, हास्यक्लब बसला, की उठवून दाखवा! शिवाय तो कायदा तिकडचा. इकडे विनापरवाना लाइनीत शिरलं तर रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

गोठेवाला: लाइनीत आमच्या म्हशी चरतात. त्यांनाही विचारा 😀

कपाशीवाला: माझं रान लाइनीला लागून आहे. भरावाखालच्या मोऱ्या गाळानं तुंबल्यात, आषाढात पाणी कपाशीत साचतं. पोरं येणार असतील तर आधी त्या उपसा. बाभूळ मुळासकट काढा, नुसती छाटली तर दुप्पट फुटते. खडीवर सायकल चालत नाही, मुरूम अंथरून दाबावा लागेल. ट्रॅक्टर माझा, डिझेल कुणाचं? आणि वैशाखात ४५ अंशांत कोण फिरणार, ते एकदा सांगा.

पाचोरेकर: मोऱ्यांचं डोक्यातच नव्हतं, खरंय. उन्हाचं म्हणाल तर सकाळी सातच्या आत. डिझेलची वर्गणी काढू.

जामनेरचा: ब्रॉडगेजला भराव रुंद करावाच लागणार. मग तुमचा मुरूम गेला मातीत. माझा विरोध कायम.

कपाशीवाला: आणि मोऱ्या?

जामनेरचा: मोऱ्या उपसायला येतो. कुदळ घरची आणतो. पण परवानगीच्या अर्जात वरच लिहा, ‘गाडी सुरू होईपर्यंत’. नाहीतर माझी सही नाही.