दोन महिन्यांच्या देशी पिल्लाला कोणतं खाणं द्यावं? (पुणे, शाकाहारी घर)

पेठेतली
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटं राहिलेलं देशी पिल्लू आम्ही घरी आणलं आहे. मुलगी आहे, नाव चिंगी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय दोन महिने. जंताचं औषध आणि पहिली लस झाली. घर पूर्ण शाकाहारी, स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. सासूबाई मायेने दूध-पोळी कुस्करून घालतात, चिंगी ती चाटूनपुसून खाते, पण शी पातळ होते आहे. दुकानात गेले तर भिंतभर पाकिटं आणि किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. नेमकं काय बघून निवडायचं?

वाघ्याची आई
चिंगीला घर दिलंत, फार बरं वाटलं.

आधी दूध थांबवा. आईचं दूध सुटल्यावर पिल्लांना दुधातली साखर (लॅक्टोज) नीट पचेनाशी होते. पातळ शी बहुधा त्यामुळेच. प्यायला फक्त पाणी, सतत भरलेलं. दूध बंद करूनही शी सुधारली नाही, उलट्या झाल्या, रक्त दिसलं किंवा ती मलूल पडली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एका लशीने पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणू-आजारापासून पुरेसं संरक्षण मिळत नाही, १६ आठवड्यांपर्यंत पुढचे डोस द्यावे लागतात.

आता पाकीट. पुढचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. आफ्को हे अमेरिकी किंवा फेडियाफ हे युरोपीय मानक पाळल्याचा उल्लेख हवा, आणि त्यासोबत ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ हे शब्द हवेत. नुसतं ‘मेंटेनन्स’ असेल तर ते मोठ्या कुत्र्याचं खाणं. आफ्कोप्रमाणे पाणी वगळून मोजलं तर वाढत्या पिल्लाच्या खाण्यात किमान २२.५ टक्के प्रथिनं लागतात, मोठ्या कुत्र्याला १८ चालतात. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं पाकीट वरचा खाऊ म्हणून ठीक, मुख्य जेवण म्हणून नाही. पेडिग्री, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, फार्मिना, सगळ्यांचं पिल्लांचं खाणं पुण्यात मिळतं. त्यातलं मानकाची ती ओळ असलेलं आणि वर्षभर परवडेल असं घ्या. महागातलं आणून दोन महिन्यांत बदलावं लागण्यापेक्षा ते बरं.

शाकाहारी घराला कोरडं खाणं खरंच सोयीचं. त्यात मांस असतं, पण घरात काही शिजवायला लागत नाही. चिंगीचं भांडं आणि डबा वेगळा ठेवला की सासूबाईंनाही अडचण वाटू नये.

औंधकर
माझं मत वेगळं आहे. चिकन-भात द्या, ताजं आणि स्वस्त. शेजाऱ्यांकडे किंवा बाहेर कुणी शिजवून देत असेल तर पाकिटाची गरज नाही. आमची कुत्री त्यावरच राहतात आणि ठणठणीत आहेत.

वाघ्याची आई
औंधकर, मोठ्या कुत्र्यांचं मी समजू शकते, पण पिल्लाला नुसतं चिकन-भात देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून जास्त लागतं, दुपटीपर्यंत. बिनहाडाच्या चिकनमध्ये उलटं असतं, फॉस्फरस कॅल्शियमच्या १० पटींहूनही जास्त. पोळीतही फॉस्फरसच वरचढ. असं खाणं महिनोन् महिने चाललं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून काढून घेतं. पिल्लू दिसायला गुटगुटीत असतं, पण पाय वाकतात आणि साध्या उडीनेही हाड मोडू शकतं. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्यकाकडून कॅल्शियमसकट ग्रॅममध्ये मोजलेली कृती लिहून घ्यावी. शिजवलेली हाडं हा त्यावरचा उपाय नाही. त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात.

वाकडची लॅब
लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड आणलेल्यांसाठी पुस्ती जोडते: पाकिटावर ‘लार्ज ब्रीड पपी’ बघा. या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं-सांधे बिघडतात, कारण लहान वयात आतड्यांना जादा कॅल्शियम अडवता येत नाही. संतुलित खाण्यावर वरून कॅल्शियमचं सिरप डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. दुकानदार पाकिटासोबत आवर्जून हातात देतात, तेव्हा ठाम नाही म्हणा.

पेठेतली
खूप आभार. दूध कालपासून बंद केलं, शी आताच घट्ट वाटते आहे. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलं एक पाकीट आणलं. किती वेळा आणि किती द्यायचं? पोळी लगेच तोडू का? सासूबाईंना तिला हाताने काहीतरी भरवायचं असतंच, त्यांना काय देऊ? आणि पावसाळ्यात मोठी पिशवी घ्यावी का?

वाघ्याची आई
चार महिन्यांची होईपर्यंत दिवसातून चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा. पाकिटावर वजनाप्रमाणे दिवसाचं माप असतं, तेवढं भागून द्या. पाकिटातले कोरडे दाणे कोमट पाण्यात थोडे भिजवले की दुधाच्या दातांना सोपं जातं. पोळी आठवडाभरात कमी करत आणा, दाणे वाढवत न्या. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत पण उठून दिसायला नकोत, त्यावरून माप कमी-जास्त करा.

सासूबाईंनी खुशाल भरवावं: उकडलेला लाल भोपळा, गाजर, शी घट्ट झाल्यावर चमचाभर ताजं दही. सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. फोडणीचं काही नको. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगम विषारी आहे. शिऱ्यातले मनुकेसुद्धा, आणि प्रसाद म्हणून हेच सर्वांत आधी दिलं जातं, त्यामुळे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

जून ते सप्टेंबर लहान पिशवीच घ्या, महिन्याभरात संपेल एवढी. सुटं वजनावर मिळणारं घेऊ नका, त्याची तारीखही कळत नाही आणि दमट हवेत बुरशीही धरते. पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कुबट वास आला तर सरळ फेकून द्या. भिजवलेले दाणे अर्ध्या तासाहून जास्त भांड्यात राहू देऊ नका.